छायाप्रत हातात आल्यावर

“सर, रिचेकिंगला टाकायचंय.”

बारावीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवसापासून हे वाक्य कानावर पडायला लागतं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, तिथलं कनिष्ठ महाविद्यालय आणि माझा विषय बुककीपिंग. पाठ्यपुस्तकावर ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ असं भारदस्त नाव छापलेलं असतं, पण ते कुणाच्या तोंडी नाही. मुलं ‘बीके’ म्हणतात, पालक ‘ते हिशेबाचं’ म्हणतात. निकालानंतरची भांडणं या विषयात जास्त, कारण आकड्यांचा विषय असल्यामुळे पेपर सुटल्याच्या संध्याकाळीच मुलं गुणांची बेरीज करून मोकळी झालेली असतात. मराठीत पासष्ट पडले तर मूल थोडं हिरमुसतं आणि गप्प बसतं. बीकेत घरी पंच्याण्णव मोजलेले आणि गुणपत्रकावर एकोणऐंशी, म्हटल्यावर ते गप्प कसं बसेल?

मी विचारतो, “यातलं नेमकं काय करायचंय?” मग समोरचा गोंधळतो. मंडळाकडे रिचेकिंग नावाचं एक खातं असेल, तिथे पैसे भरले की पेपर पुन्हा तपासला जात असेल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात तीन वेगळे अर्ज आहेत. गुणपडताळणीला अलीकडे विषयामागे ५० रुपये पडतात. तिच्यात उत्तर कुणी नव्याने वाचत नाही. एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर नीट उतरले का, बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहतात. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत विषयामागे ४०० रुपयांना मिळते. पुनर्मूल्यांकनाला विषयामागे ३०० रुपये. तिथे मात्र उत्तर पुन्हा वाचून गुण पुन्हा ठरवले जातात. पण पुनर्मूल्यांकनावर थेट उडी मारता येत नाही. आधी छायाप्रत घ्यायची आणि ती हातात पडल्यापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करायचा.

म्हणजे एका विषयाला सातशे. आमच्याकडे रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या माणसाची दोन दिवसांची मजुरी त्याहून कमी भरते. एका वर्षी असेच एक वडील मुलीला घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, पोरगी रात्री दोन-दोन वाजंस्तोवर जागत हुती. एवढं कमी पडतीलच कसं? ते पन्नासवालंच टाकू की.” पोरगी खाली मान घालून उभी होती. ती पुटपुटली, “नको. मला बघायचंय मी काय लिहिलंय ते.”

मला ती मुलगी त्या क्षणी हुशार वाटली. गुण वाढवून द्या म्हणणारे पुष्कळ येतात. मला बघायचंय म्हणणारे कमी.

मी बरीच वर्षं परीक्षक होतो आणि पुढे नियामकही झालो, म्हणून पन्नास रुपयांच्या अर्जाला मी कमी लेखत नाही. ज्यांनी गठ्ठे तपासलेत त्यांना माहीत आहे की चूक बहुतेक वेळा ज्ञानाची नसते, हाताची असते. मार्च-एप्रिलचं ऊन, शाळा-कॉलेजचं स्वतःचं कामकाज चालूच, वर अमुक तारखेला गठ्ठा परत करायचा तगादा. उत्तरपत्रिकेवर बारकोड, बैठक क्रमांकावर होलोक्राफ्ट स्टिकर. समोर कुणाचा पेपर आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि कळूही नये. त्यामुळे अन्याय झालाच तर तो कुणाला हेरून झालेला नसतो. दोन पानं चिकटून उलटली जातात. मुलाने पाचवा प्रश्न नवव्या पानावर सुरू केलेला असतो, मध्येच दुसरं काहीतरी सोडवलेलं असतं आणि उरलेला पाचवा प्रश्न एकविसाव्या पानावर येतो. ‘पुढे पाहा’ असे दोन शब्द लिहायला मुलाला सुचलेलं नसतं. पुरवणीचं शेवटचं पान कोरं समजून कुणी उलटत नाही. आतल्या पानावर साडेसात असतात, मुखपृष्ठाच्या चौकटीत साडेपाच उतरतात. नियामक म्हणून यातलं बरंच निकालाआधी माझ्या हाती लागलं आणि दुरुस्त झालं. जे नियामकाच्याही हाती लागत नाही, त्यासाठी पडताळणी असते, आणि अशा चुकांसाठी ती पुरते.

अडचण वेगळीच आहे. ‘गुणांत बदल नाही’ असं उत्तर आलं की मुलाला काही कळत नाही. चूक नव्हती म्हणून बदल नाही, की कुणी नीट पाहिलंच नाही म्हणून बदल नाही? संशय होता तिथेच राहतो.

कितीतरी वर्षं हा संशय बाळगूनच मुलांना पुढे जावं लागलं. आज छायाप्रत मागणं इतकं सवयीचं झालंय की तिच्यामागची लढाई आपल्याच राज्यात सुरू झाली होती हे नव्या शिक्षकांनाही ठाऊक नसतं. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नियमावलीत एक नियम होता. गुणपडताळणी मागता येईल, मात्र पुनर्मूल्यांकनाचा, उत्तरपत्रिका उघड करण्याचा किंवा पाहण्याचा हक्क उमेदवाराला नाही, कारण उत्तरपत्रिका अत्यंत गोपनीय. मुलं मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये तिथे मंडळ जिंकलं. परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या नावाने ते प्रकरण आजही सांगितलं जातं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की लाखो उमेदवारांच्या परीक्षेला कुठेतरी शेवट हवा. प्रत्येकाला पेपर दाखवायचा म्हटलं तर निकाल कधीच कायम होणार नाही, आणि असे नियम कसे असावेत हे शिक्षणक्षेत्रातल्या जाणत्यांवर सोडलेलं बरं.

गठ्ठ्यासमोर बसलेला परीक्षक म्हणून मला तो युक्तिवाद पटायचा. बारावीलाच राज्यात चौदा-पंधरा लाख मुलं बसतात. प्रत्येकाने ‘दाखवा’ म्हटलं तर काय होईल, या कल्पनेनेच घाम फुटायचा.

२००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात चित्र पालटलं. ते प्रकरण सीबीएसईचं होतं आणि कोलकाता उच्च न्यायालयातून वर आलं होतं. आदित्य बंदोपाध्याय या विद्यार्थ्याला २००८ च्या दहावीच्या परीक्षेतली स्वतःची उत्तरपत्रिका पाहायची होती. न्यायालय म्हणालं, तपासलेल्या उत्तरपत्रिकेत परीक्षकाचं मत नोंदलेलं असतं. म्हणून ती कायद्याच्या व्याख्येतली माहिती आहे आणि ज्याची ती उत्तरपत्रिका, त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. दोन अटी मात्र घातल्या. परीक्षकाची ओळख उघड करायची नाही, आणि हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच. ती मुदत संपून कागद नष्ट झाले की मागायचं काय? शिवाय पाहण्याच्या हक्कातून फेरतपासणीचा हक्क आपोआप निघत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केलेलं आहे. मुलांना सांगताना हे शेवटचं कलम मी दोनदा सांगतो.

तेव्हा माझ्यासारख्या परीक्षकांना वाटलेली भीती खोटी ठरली, असं मी आज म्हणेन. पेपर दाखवला की भांडणं वाढतील असं वाटत होतं. माझ्या टेबलाशी तरी उलटंच घडत गेलं. छायाप्रत घेऊन आलेल्या मुलांतली बरीचशी, पानं उलटून झाली की पुढचा तीनशेचा अर्ज न भरताच उठतात. ज्याला पेपर दिसत नाही तो वर्षभर कुढतो आणि नातेवाइकांत ‘बोर्डाने मारलं’ म्हणून सांगत फिरतो.

छायाप्रत वाचायचीही एक रीत असते. ती मला कुणी शिकवली नाही, बसत गेली. आधी गुण पाहायचे नाहीत. मुखपृष्ठ उलटं करून बाजूला ठेवायचं. मुलाच्या हातात प्रश्नपत्रिका द्यायची आणि पान एकपासून सुरुवात करायची. पहिल्या फेरीत एकच काम. प्रत्येक पानावर तपासल्याची खूण आहे का? बरोबरची, चुकीची, आडवी रेघ, काहीही चालेल, पण लिहिलेलं पान खुणेशिवाय गेलेलं नसावं. दुसऱ्या फेरीत आतल्या पानांवरचे गुण कागदावर उतरवायचे, बेरीज करायची आणि मग मुखपृष्ठ सुलटं करून ताडून पाहायचं. इथपर्यंत विषय कळायची गरज नाही. आठवीतलं भावंडसुद्धा हे करू शकतं. तिसऱ्या फेरीला मात्र विषयशिक्षक हवा. तो नसला तर घाईघाईत अर्ज करण्यात अर्थ नाही.

त्या दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलीच्या पेपरात पहिल्या दोन फेऱ्यांत काही निघालं नाही. पानं सगळी तपासलेली, बेरीज चोख. तिसऱ्या फेरीत आम्ही भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांपाशी आलो. व्यापार खातं, नफा-तोटा खातं, ताळेबंद असा तो लांबलचक प्रश्न. ती पटकन म्हणाली, “सर, हा तर पूर्ण बरोबर आहे. माझा ताळेबंद जुळलाय. बघा, दोन्ही बाजू सारख्या.” सारख्या होत्याच. पण समायोजनांमध्ये अदत्त मजुरी दिलेली होती आणि ती तिने घेतलीच नव्हती. व्यापार खात्यात मजुरीत मिळवायची, ताळेबंदात देयता म्हणून दाखवायची, असे तिचे दोन परिणाम. एकच परिणाम विसरली असती तर ताळेबंद जुळला नसता आणि तिला परीक्षेतच चूक सापडली असती. दोन्ही विसरली, म्हणून नफा तेवढ्याने फुगला, देयता तेवढ्याने घटल्या आणि दोन्ही बाजू राजीखुशीने सारख्या झाल्या. वर्गात हे मी दरवर्षी फळ्यावर सांगायचो. तिच्या वहीतही ते असणार. पण स्वतःच्या अक्षरात, लाल पेनाने रेघ ओढलेलं, घरी कधी कुणी पाहिलेलं असतं का?

मग तिने स्वतःच पेन्सिल घेतली आणि उरलेली पानं तपासली. संशयित कर्जाचा निधी जुन्या रकमेवर काढलेला. बिलाच्या नोंदीत स्पष्टीकरण लिहायचं राहिलेलं. वस्तुनिष्ठ प्रश्नात दोन ठिकाणी खाडाखोड करून बरोबरचं चूक केलेलं. वडील बाकावर बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. अखेर म्हणाले, “म्हंजी आपलंच हाय?” ती म्हणाली, “आपलंच हाय.” आणि दोघंही हसली. चारशे रुपये वाया गेले असं त्यांच्या तोंडून आलं नाही. मला विचाराल तर वर्षभराच्या क्लासच्या फीपेक्षा ते चारशे जास्त कामी आले. ती पुढे बीकॉमला गेली.

उलट बाजूचाही एक प्रसंग सांगायला हवा. परीक्षा कुठली आणि साल कोणतं हे सांगत नाही. तपासणारा आमच्यापैकी कुणीही असू शकला असता. नव्या भागीदाराच्या प्रवेशावरचा प्रश्न होता. भागीदार आला की मालमत्ता आणि देयतांच्या किमती नव्याने ठरवतात आणि त्यातला नफा-तोटा एका खात्यावर काढतात. नमुना उत्तरात त्या खात्याचं शीर्षक ‘पुनर्मूल्यांकन खाते’ असं असावं. मुलाने लिहिलं होतं ‘नफा-तोटा समायोजन खाते’. दोन्ही नावं एकाच खात्याची आहेत आणि पाठ्यपुस्तकात दोन्ही छापलेली आहेत. परीक्षकाने शीर्षकावर काट मारली होती, नफा-तोटा खातं समजून आतल्या नोंदींचेही गुण कापले होते. शिवाय पुरवणीच्या शेवटच्या पानावर नव्या संस्थेचा ताळेबंद होता आणि त्या पानावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. तो मुलगा तावातावाने आला नव्हता. त्याला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं असणार. मीच म्हटलं, हे सोडायचं नाही. अर्ज गेला, गुण वाढले.

या दोन प्रसंगांत मला एक फरक दिसतो. न तपासलेलं पान आणि कापलेलं शीर्षक यांच्याकडे बोट दाखवता येतं. पान अमुक, ओळ अमुक, पाठ्यपुस्तकात अमुक. याउलट ‘पाच गुणांच्या उत्तराला साडेतीन दिलेत, चार द्यायला हवे होते’ या तक्रारीत बोट कशावर ठेवणार? मी स्वतः एकच उत्तर सकाळी तपासलं तर चार देईन आणि संध्याकाळी साडेतीन. हे बोलायला परीक्षक कचरतात, पण खरं आहे. असा अर्धा गुण मिळवायला तीनशे रुपये घालू नका, असं मी सरळ सांगतो. पण अर्ध्या गुणावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरत असेल किंवा प्रवेशाची टक्केवारी अडकत असेल, तर मग घाला. तिथे तत्त्व सांगत बसण्यात अर्थ नाही.

पुनर्मूल्यांकनाला जाणाऱ्या मुलाकडून मी एक कागद लिहून घेतो. तो पुढे कुणी वाचतं की नाही या फंदात पडत नाही. तो लिहिल्याने मुलाचं म्हणणं त्याचं त्याला स्वच्छ होतं, माझ्यापुरतं तेवढं बस. पहिला मसुदा नेहमी सारखाच असतो. मी वर्षभर प्रामाणिकपणे अभ्यास केला आहे, इतर विषयांत मला चांगले गुण आहेत, परीक्षेच्या काळात आईची तब्येत बरी नव्हती, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. मी हे सगळं खोडतो. मुलं दुखावतात. पण उत्तरपत्रिकेला आई नसते आणि इतर विषयही नसतात. राहतं ते फक्त प्रश्न क्रमांक, उपप्रश्न, पान, मिळालेले गुण, अपेक्षित गुण आणि कारण. कारण दोन ओळींत बसत नसेल तर बहुधा ते कारणच नसतं.

यात माझा कठोरपणा आहे असं मुलांना वाटतं. न्यायालयं याहून कठोर आहेत. उत्तर प्रदेशातल्या एका शिक्षकभरती परीक्षेवरून रणविजय सिंह यांचं प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. न्यायालयाने सांगितलं, की नियमात फेरतपासणीची सोय नसेल तर न्यायालयाने ती फारच अपवादाने सांगावी, तीही चूक ढळढळीत दिसत असेल तरच. तर्क लढवून, ओढून-ताणून सिद्ध करावी लागणारी चूक त्यात धरायची नाही. सहानुभूतीला इथे जागा नाही आणि शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. कुणी ‘कोर्टात जाऊ’ म्हटलं की मी हे ऐकवतो. वकिलाची फी ऐकवायची गरज मग सहसा पडत नाही.

माहिती अधिकाराचा रस्ताही काही जण विचारतात. दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये. बत्तीस पानांची उत्तरपत्रिका शंभराच्या आत पडते. मग चारशे कशाला? कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेविरुद्ध पारस जैन यांनी नेमका हाच वाद नेला होता आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रस्ते खुले असल्याचं सांगितलं. संस्थेच्या नियमाने मागाल तर संस्थेची फी, माहिती अधिकारात मागाल तर त्या कायद्याची फी. पण माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि बारावीच्या मुलाचे तीस दिवस म्हणजे प्रवेशाचा सगळा हंगाम. पेपर कुतूहलापोटी पाहायचा असेल तर तो रस्ता स्वस्त आणि चांगला. पुढे गुण वाढवून घ्यायचे असतील तर मंडळाच्या मुदतीत मंडळाचा अर्ज करावा.

वेळेचं हे दुखणं मला सगळ्यात जास्त सलतं. नापास झालेला मुलगा छायाप्रतीची वाट पाहतो, तेवढ्यात पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून जाते. म्हणून मी अशा मुलाला आधी पुरवणीचा फॉर्म भरायला लावतो आणि मग बाकीचं बोलतो. निकाल बदलला तर ती फी गेली, एवढंच नुकसान होईल. नाही बदलला तर वर्ष वाचेल. कितीतरी मुलांना फॉर्म भरणं म्हणजे नापास असल्याची कबुली दिल्यासारखं वाटतं. ‘सर, मी पास आहे, मग कशाला भरू?’ त्यांची समजूत घालण्यात एक दुपार जाते. पदवीला गेलेली आमची मुलं तर याहून वाईट गोष्टी सांगतात. एका विद्यापीठात छायाप्रत मिळेपर्यंत पुढच्या सत्राची परीक्षा तोंडावर आली होती. मुलाने एका हाताने जुन्या पेपराची लढाई लढली आणि दुसऱ्या हाताने त्याच विषयाचा पुन्हा अभ्यास केला.

संगणकावर तपासणी आली की हे सगळं संपेल, असं मध्यंतरी मोठ्या हौसेने बोललं जात होतं. पडद्यावर पेपर तपासला की बेरीज यंत्र करतं, गुण उतरवण्याची चूक उरत नाही, हे खरंच आहे. पण २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ते घाईने आणलं तेव्हा काय झालं, ते सर्वांनी पाहिलं. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रेंगाळत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. यंत्राला दोष देत नाही. पण चिकटून उलटलेल्या दोन पानांच्या जागी स्कॅन न झालेलं पान येऊ शकतं. म्हणून पडद्यावर तपासलेला पेपरही मुलाला दिसायलाच हवा.

सीबीएसईची एक गोष्ट मला आवडते. तिथे पुनर्मूल्यांकनाचे पैसे प्रश्नामागे घेतात, २०२५ मध्ये प्रश्नाला १०० रुपये होते. त्यामुळे मुलाला आधी ठरवावं लागतं, की माझं भांडण नेमकं कुठल्या प्रश्नाशी आहे. शिवाय गुण कमी झाले तर तेही स्वीकारावे लागतात, एका गुणाने का होईना. आपल्याकडे संपूर्ण विषयाचे तीनशे भरून ‘सगळंच पुन्हा बघा’ म्हणता येतं, आणि मग मुलगा स्वतः काहीच बघत नाही. २०२५ पासून त्यांनी क्रमही बदलला. आधी छायाप्रत, मग पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन. हे फार आधी व्हायला हवं होतं आणि आपल्याकडेही व्हायला हरकत नाही. पाहिल्याशिवाय पडताळणी कशाची मागणार?

प्रवेश परीक्षांमध्ये तर पेपर तपासणारा माणूसच नसतो, तिथे भांडण उत्तरसूचीशी असतं. नीटच्या उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायला प्रश्नामागे २०० रुपये, आपल्या सीईटीला अलीकडच्या वर्षांत १००० रुपये. एका प्रश्नाची किंमत काय असते, हे २०२४ च्या नीटमध्ये दिसलं. अणूवरच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीकडून तज्ज्ञांचं मत मागवलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि चार लाखांहून अधिक मुलांचे गुण घटले. पैकीच्या पैकी गुणवाल्यांची यादी सतरावर आली. आमच्या गावातल्या एका मुलाचे त्यात पाच गुण गेले. त्याच्या वर्गमित्राला त्याच निकालाने वरचा क्रमांक मिळाला. दोघं रोज एकाच एसटीने जायचे. नेमकं कुणाचं सांत्वन करायचं आणि कुणाचं अभिनंदन, हे त्या आठवड्यात आम्हा शिक्षकांना कळेना.

निवृत्तीनंतरही निकालाच्या दिवसांत मी कॉलेजात जाऊन बसतो. एक सवय मात्र नोकरीत असतानाची आहे. काम झालं की मी मुलांकडे छायाप्रतीची एक प्रत मागतो. बहुतेक देतात. मुखपृष्ठ फाडून टाकतो, ओळख पटेल असं काही असलं तर खोडतो, परीक्षकाच्या खुणा पांढऱ्या शाईने पुसतो आणि पुन्हा झेरॉक्स काढतो. दिवाळीनंतर बारावीच्या वर्गात त्या प्रती वाटायच्या, सोबत नमुना उत्तर द्यायचं आणि म्हणायचं, तपासा.

मुलं तपासायला बसली की भयंकर कडक होतात. तारीख नाही, अर्धा गुण काप. कंसातलं स्पष्टीकरण नाही, काप. अक्षर वाचवत नाही, शून्य दे. गेल्या खेपेला दोन बाकांमध्ये जुंपली होती. घसाऱ्याची रक्कम चुकलेली, पण पुढची सगळी रीत बरोबर होती. एक बाक म्हणत होता, आकडा चुकला की ताळेबंद चुकला, तीनच गुण. दुसरा म्हणत होता, एका चुकीचे गुण एकदाच कापायचे, सहा द्या. आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. मला म्हणाले, सर, तुम्हीच सांगा, परीक्षकाने किती दिले होते?

साडेपाच दिले होते. त्यावर पहिला बाक म्हणाला, याच्याविरुद्ध अर्ज करता येतो का?